कंट्री गाणी लिहायचा माझा खटाटोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या अटलांटात गणपतीला प्रसादाच्या लायनीत उभं राहिलं की कुणीतरी मागून खांद्यावर हात ठेवतंच, "काय मग, नॅशव्हिल काय म्हणतंय?" आणि मग तेच ते प्रश्न, त्याच क्रमाने, आणि माझी उत्तरं देऊन होईपर्यंत हातातली खिचडी गार. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. नॅशव्हिल म्हणजे टेनेसीतलं शहर, अमेरिकेतल्या कंट्री संगीताचं माहेरघर. मी दिवसा डेटाबेस सांभाळतो, वय ४८, अकरा वर्षं झाली इंग्लिशमध्ये कंट्री गाणी लिहितोय आणि आजपर्यंत माझं एकही गाणं कुठल्या नावाजलेल्या गायकाने रेकॉर्ड केलेलं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक शेवटपर्यंत वाचतात आणि मग माझ्याकडे अशा नजरेने बघतात की जणू मीच त्यांना फसवलं.

कंट्री म्हणजे ते टोपीवाले, घोडेवाले ना?

हो, तेच. पण घोडे कमी, पिकअप ट्रक जास्त.

वसईच्या पोराला हे वेड कुठून लागलं?

वसईतूनच लागलं, अमेरिकेत येऊन नाही. आमच्या शेजारी एक ख्रिश्चन कुटुंब होतं, त्यांच्या अंकलकडे जिम रीव्हजच्या कॅसेट होत्या आणि डिसेंबर लागला की त्या दिवसभर चालायच्या. गोव्यातल्या, बांद्र्यातल्या, वसईतल्या कुठल्याही पन्नाशीच्या माणसाला विचारा, जिम रीव्हज त्याला माहीत असणारच. आम्हाला वाटायचं हा चर्चचा कुणीतरी गायक असेल. तो टेक्ससचा, नॅशव्हिलमध्ये गाजलेला, आणि १९६४ मध्ये नॅशव्हिलजवळच स्वतःचं छोटं विमान चालवताना वादळात गेला, हे मला इथे आल्यावर कळलं. म्हणजे मी जन्मायच्या कितीतरी आधी गेलेला माणूस माझ्या लहानपणी दर नाताळात शेजारच्या खिडकीतून गात होता. बाकी भारतात हे वेड असणारा मी एकटा नाही, देहरादूनचा बॉबी कॅश तर ऑस्ट्रेलियातल्या टॅमवर्थच्या कंट्री फेस्टिवलपर्यंत जाऊन गाऊन आलाय. पण तो गायक आहे, मी नाही.

मग तू गातोस का वाजवतोस?

गिटार जेमतेम, गळा त्याहून जेमतेम. इथे लिहिणारा वेगळा आणि गाणारा वेगळा हा प्रकार पूर्वीपासून आहे. फेलिस आणि बूडलो ब्रायंट नावाचं नवराबायकोचं जोडपं १९५० मध्ये नॅशव्हिलला आलं आणि नुसती दुसऱ्यांसाठी गाणी लिहून त्यांनी संसार केला. आपल्याकडे सिनेमाचे गीतकार असतात तसंच. फरक एवढाच की आपल्याकडे गीतकाराला आधी सिच्युएशन मिळते, चाल मिळते, इथे तुम्ही आधी शब्द आणि चाल दोन्ही करून ठेवायचं आणि मग ते गाणं हातात धरून दारोदार फिरायचं, की घ्या हो कुणीतरी. हल्ली तेही अवघड झालंय कारण गायक आणि प्रोड्युसर स्वतःच लिहायला बसतात, बाहेरून आलेली गाणी पूर्वीपेक्षा फार कमी घेतात.

हे सगळं अटलांटात बसून होत नाही का? मेल करायचं आणि मोकळं व्हायचं.

पहिल्या वर्षी मीही हेच केलं. एक्सेल शीट बनवली (सवय), पब्लिशिंग कंपन्यांचे, म्हणजे लेखकांच्या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपन्यांचे, पत्ते भरले आणि २२ पाकिटं पाठवली. ९ न फोडता परत आली, वर शिक्का. बाकीच्यांचं काय झालं देव जाणे. मला वाटलं हा अपमान आहे, पण ते तसं नसतं. मोठ्या कंपन्या न मागवलेली गाणी उघडतच नाहीत, कारण उद्या त्यांच्या एखाद्या गाण्यात तुमच्यासारखी ओळ आली तर तुम्ही कोर्टात जाऊन म्हणाल की मी तर यांना पाठवलं होतं. पाकीट उघडलंच नाही तर प्रश्नच मिटला.

मग काय, गाडी काढायची. अटलांटा ते नॅशव्हिल साधारण २५० मैल, चॅटनूगापर्यंत आय-७५ आणि पुढे आय-२४, चार तास. मध्ये मॉन्टईगलचा घाट लागतो, आपल्या खंडाळ्याइतका काही नाही पण ट्रकवाल्यांना तिथे घाम फुटतो. वाटेत टाइम झोन बदलतो, जाताना एक तास फुकट मिळतो आणि येताना तोच परत द्यावा लागतो, आणि येताना मन आधीच खट्टू असतं त्यामुळे तो तास फार लागतो.

ब्लूबर्ड कॅफे म्हणजे नक्की काय? सिरीयलमध्ये बघितलाय.

बघितलाय तो सेट असणार, त्यांनी हुबेहूब बनवला होता. खरा ब्लूबर्ड बघाल तर विश्वास बसणार नाही. ग्रीन हिल्स भागात हमरस्त्यालगत दुकानांची एक रांग आहे, आपल्याकडे सोसायटीच्या खाली गाळे असतात ना तशी, त्यातला एक गाळा. आत जेमतेम ९० माणसं. १९८२ मध्ये एमी कर्लंड नावाच्या बाईंनी सुरू केला आणि २००८ पासून तो नॅशव्हिल साँगरायटर्स असोसिएशन इंटरनॅशनल या गीतकारांच्या संघटनेकडे आहे. गार्थ ब्रुक्स या बड्या कंट्री गायकाला रेकॉर्डचा करार मिळायला हीच जागा कारण झाली आणि टेलर स्विफ्टही पोरवयात इथे गायलीय.

तिथली खरी गंमत म्हणजे बोलायचं नाही. कुणी कुजबुजलं तर "शूऽऽ" करतात, ते त्यांचं जवळजवळ बोधवाक्यच आहे. आपल्याकडे भजनाला जसे सगळे गोल बसतात तसे चार लेखक मधोमध गोल करून बसतात आणि पाळीपाळीने आपापलं गाणं म्हणतात. ही पद्धत १९८५ पासूनची. आणि गाणं सुरू झालं की कळतं, अरे हे तर रेडिओवर शंभरदा ऐकलेलं, आणि हे लिहिलं कुणी तर या समोरच्या चष्मेवाल्या, पोट सुटलेल्या काकांनी. ज्यांना बाहेर पार्किंगमध्ये कुणी ओळखणार नाही.

सोमवारी ओपन माइक असतं, कुणीही नवखा जाऊ शकतो, नंबर लागला तर. माझा तिसऱ्या खेपेला लागला. मी गायलो म्हणजे काय, शब्द उच्चारले असं म्हणूया. पण एवढी शांतता मी आयुष्यात कधी अनुभवली नव्हती, आमच्या घरात तर नाहीच. पहिल्या कडव्याला हात थरथरत होता आणि दुसऱ्या कडव्यात मला माझ्याच गाण्यातली खोट ऐकू आली, जी घरी दोनशे वेळा म्हणूनही ऐकू आली नव्हती. एक ओळ होती जी मी फक्त यमकासाठी घातली होती. ती म्हणताना मला लाज वाटली. नव्वद माणसं गप्प बसून ऐकत असली की लबाडी लगेच वर येते.

गाणं लिहायचं कसं? काही फॉर्म्युला आहे का?

हार्लन हॉवर्ड नावाचे मोठे गीतकार होऊन गेले, कंट्री म्हणजे तीन कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) आणि सत्य अशी व्याख्या त्यांची. ऐकायला सोपं वाटतं. तीन कॉर्ड मला दोन आठवड्यात आल्या.

सांगतो थोडं. सगळं गाणं एका हुकवर उभं असतं, हुक म्हणजे बहुतेक वेळा गाण्याचं नावच, आणि ते ध्रुवपदाच्या शेवटच्या ओळीत येऊन बसतं. कडव्यात डोळ्याला दिसणाऱ्या वस्तू पाहिजेत, तिथले लोक याला फर्निचर म्हणतात, म्हणजे प्रेम, विरह, आठवण असले शब्द नकोत, तर चहाचा कप, अंगणातली सायकल, तुटलेली कडी. पहिलं कडवं सगळ्यांनाच जमतं. दुसऱ्यात मरण असतं, कारण जे सांगायचं ते पहिल्यात सांगून झालेलं असतं आणि तरी दुसऱ्या कडव्यानंतर तेच ध्रुवपद परत आलं की त्याचा अर्थ थोडा सरकलेला पाहिजे. शब्द तेच, अर्थ पुढे गेलेला. हे सगळं तीन-साडेतीन मिनिटांत. आपल्या जात्यावरच्या ओव्या ऐकल्या असतील तर हे नवीन वाटणार नाही, तिथेही बाई दुःख हा शब्द न वापरता बांगडी, उंबरा, भाऊ, वाट एवढ्यावरच सगळं सांगून टाकते.

पण माझी खरी ठेच वेगळ्याच दगडाला लागली. पहिली दोन वर्षं मी ट्रक, व्हिस्की, धुळीचा रस्ता असलं लिहीत होतो, ते अर्थातच खोटं होतं, माझ्याकडे होंडा ओडिसी ही घरगुती व्हॅन आहे आणि व्हिस्की प्यायलो की मला झोप येते. मग सगळे सांगतात तसं स्वतःच्या आयुष्यातलं लिहिलं. माझी आई वसईला पावसाळ्यातही रोज सकाळी दारात रांगोळी काढायची, तासाभरात धुऊन जाणार हे माहीत असून. त्यावर गाणं केलं. मला वाटलं आता जिंकलो. ते गाणं एका अनुभवी बाईंना ऐकवलं, त्यांनी स्वतः बरीच वर्षं लेखक म्हणून काढलेली. त्या ऐकून थोडा वेळ गप्प बसल्या, म्हणाल्या फार सुंदर आहे, आणि मग विचारलं, हे गाणार कोण?

बास. दोन वर्षांत कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. कारण केंटकीचा तिशीतला गायक स्टेजवर उभा राहून "माझी आई रांगोळी काढायची" असं म्हणूच शकत नाही, लोक हसतील. शिंपी कितीही चांगला असला तरी त्याने स्वतःच्या मापाचा शर्ट शिवून दुकानात टांगला तर गिऱ्हाईक काय करणार? गाणं माझ्या मापाचं होतं.

मग त्या रांगोळीचं काय झालं?

तिचं "क्लीन टिल नून" झालं. म्हणजे दुपारपर्यंत स्वच्छ.

झालं असं की एका लेखकांच्या बैठकीत एक बाई भेटल्या, पूर्व केंटकीच्या कोळशाच्या पट्ट्यातल्या, दिवसा दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला. मी त्यांना रांगोळीचं सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, आमची आई रोज सकाळी पोर्च धुवायची आणि दुपारपर्यंत कोळशाचे ट्रक जाऊन जाऊन परत काळा थर. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. तिथल्या तिथे ध्रुवपद झालं. आणि दुसऱ्या कडव्याचा प्रश्नही सुटला, कारण इंग्लिशमध्ये क्लीन म्हणजे नशा न केलेलाही. पहिल्या कडव्यात पोर्च दुपारपर्यंत स्वच्छ, दुसऱ्या कडव्यात बाप दुपारपर्यंत शुद्धीवर. ध्रुवपदाचा एक शब्द बदलला नाही. आणि ती बाई रोज सकाळी बादली घेऊन परत उभी.

माझ्या आईने दारू पिणारा नवरा कधी बघितला नाही, वडील तर सुपारीसुद्धा खात नसत. तरीही त्या गाण्यात मला माझीच आई दिसते. खरं सांगतो, ट्रक-व्हिस्कीवाली गाणी खोटी होती आणि हे नाही, यातला फरक मला आजही नीट समजावून सांगता येत नाही.

इंग्लिश तर आपलं चांगलं असतं, त्याचा काय प्रॉब्लेम?

अहो तेच तर प्रॉब्लेम. माझं इंग्लिश पुस्तकी, उच्चार वसईचे. दक्षिणेकडच्या अमेरिकन लोकांच्या तोंडी पेन आणि पिन हे दोन शब्द एकसारखेच येतात, म्हणजे त्यांचं यमक जुळतं आणि माझं जुळत नाही. उलट मी अगेन आणि रेन जुळवून ठेवलेलं, त्यांच्या तोंडी ते फसतं. फायर हा शब्द कित्येक जण एका झटक्यात म्हणतात, मी दोन मात्रा मोजून बसलेलो. आणि आघात! आपण गिटार म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर देतो, ते दुसऱ्यावर. तो जोर चालीत चुकीच्या जागी पडला की कितीही चांगली ओळ असू दे, कानाला खडा लागतो. आता मी प्रत्येक ओळ आधी कुणा स्थानिक माणसाकडून नुसती वाचून घेतो. आमचा प्लंबर या कामी फार उपयोगी पडला.

नोटेशन वगैरे यावं लागतं का?

नाही, आणि इथे आपल्याला थोडा फायदाच आहे. नॅशव्हिलच्या स्टुडिओत आकड्यांची पद्धत चालते, नॅशव्हिल नंबर सिस्टिम म्हणतात. जॉर्डनेअर्स या गायकांच्या गटातल्या नील मॅथ्यूज यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी ती काढली आणि मग चार्ली मॅकॉय वगैरे वादकांनी पुढे वाढवली. कॉर्डचं नाव लिहायचंच नाही, फक्त १, ४, ५ असं लिहायचं. सूर कुठला ते गायकावर. मला पहिल्यांदा कुणी तो कागद दाखवला तेव्हा मी म्हटलं हे तर सा, म, प! लहानपणी पेटीच्या क्लासला सर म्हणायचे, सरगम तीच, पट्टी तेवढी बदल, तुझी काळी एक असेल तर तिची काळी पाच. हेच तत्त्व. गायिका आली आणि म्हणाली मला हे खालच्या पट्टीत पाहिजे तर कागद परत लिहावा लागत नाही, सगळे वादक मनात पट्टी बदलतात आणि पुढच्या मिनिटाला वाजवायला लागतात. ते वादक बघणं हा वेगळाच विषय आहे, गाणं एकदा ऐकतात, कागदावर बघतात आणि दुसऱ्या टेकला असं वाजवतात की आपल्यालाच आपलं गाणं ओळखू येत नाही.

को-राइट म्हणजे कुणीतरी तुझं गाणं सुधारून देतं असं का?

नाही हो. दोन-तीन जण सकाळी दहाच्या सुमारास एका खोलीत जमतात, कॉफी घेतात, अर्धा तास मुलंबाळं, गुडघेदुखी असल्या गप्पा मारतात आणि त्या गप्पांतूनच कुणाच्या तोंडून हुक निघतो. दुपारी दोनपर्यंत गाणं झालेलं पाहिजे कारण कुणाला दुसरीकडे जायचं असतं. मला आधी वाटायचं कविता अशी घड्याळ लावून होते का? होते. सगळ्याच चांगल्या होत नाहीत, पण होतात.

आणि हिशोब एकदम साधा. खोलीत जेवढे होते तेवढे समान हिस्से, नॅशव्हिलचा रिवाज आहे. एकाने नव्वद टक्के लिहिलं आणि दुसऱ्याने एकच शब्द सुचवला तरी अर्धं अर्धं. मला सुरुवातीला हा अन्याय वाटायचा, मग एका दिवशी तो एक शब्द सुचवणारा मी होतो आणि मत बदललं.

पैसे किती मिळतात?

मला? आतापर्यंत शून्य, खर्च धरला तर उणे. डेमो (गाण्याचं नमुना रेकॉर्डिंग), पेट्रोल, मोटेल, संघटनेची वर्गणी.

ज्यांना मिळतात त्यांचं गणित सांगतो. गाणं सीडीवर किंवा डाउनलोड म्हणून विकलं गेलं की प्रत्येक प्रतीमागे कायद्याने ठरलेली रॉयल्टी, २०२५ चा दर १२.७ सेंट. १९०९ पासून १९७७ पर्यंत हा दर चक्क २ सेंट होता, आणि २००६ ते २०२२ इतकी वर्षं ९.१ वर अडकून होता. समजा एक लाख प्रती विकल्या, तर १२,७०० डॉलर. त्यातले साधारणपणे अर्धे पब्लिशरचे, उरले ६,३५०. तीन लेखक असतील तर प्रत्येकी २,११६. एक लाख प्रती विकून! आणि आता प्रती विकत घेतंय कोण, सगळं स्ट्रीमिंग, तिथे एकेका ऐकण्याचे पैसे मोजायला सूक्ष्मदर्शक लागेल.

खरा पैसा रेडिओत. अमेरिकेत एक विचित्र गोष्ट आहे, साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं लागलं की लेखकाला पैसे मिळतात, गायकाला नाही. ते गोळा करणाऱ्या संस्था अॅस्कॅप (१९१४ ची), बीएमआय (१९३९ ची) वगैरे. म्हणून लेखकाला सगळ्यात मोठी लॉटरी म्हणजे गाणं सिंगल म्हणून रेडिओला जाणं. नुसतं अल्बमच्या नवव्या नंबरवर असलेलं गाणं म्हणजे भिंतीवर लावायला फ्रेम. आपल्याकडे किती वर्षं गीतकारांना एकरकमी पैसे देऊन हात झटकायचे, शेवटी २०१२ च्या कायदेदुरुस्तीने त्यांचा रॉयल्टीचा हक्क लिहून घेताच येणार नाही असं झालं. इथे तो विचार आधी रुजला, आणि लेखकही हुशार निघाले. एल्विसला डॉली पार्टनचं "आय विल ऑलवेज लव्ह यू" गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने अर्धे पब्लिशिंग हक्क मागितले. तिने नाही म्हटलं, एल्विसला! रात्रभर रडली म्हणे. पुढे १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ते गायलं आणि काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

ते होल्डचं काय प्रकरण? तुझं गाणं घेतलं होतं ना कुणीतरी?

घेतलं नव्हतं, धरून ठेवलं होतं. होल्ड म्हणजे गायकाच्या बाजूने निरोप येतो की हे गाणं आवडलंय, सध्या दुसऱ्या कुणाला दाखवू नका. सहसा लेखी काही नसतं, पैसेही नसतात. मुलगी बघून गेले, पसंत आहे म्हणाले, पण सुपारी फुटली नाही, तसं.

"क्लीन टिल नून" सात महिने होल्डवर होतं. कुणासाठी ते सांगणार नाही. त्या सात महिन्यांत मी ऑफिसात मीटिंगला बसलो तरी फोन उलटा ठेवत नव्हतो. बायकोने एकदा विचारलं, स्वयंपाकघराचे ओटे बदलायचे का, तर मी म्हटलं थांब जरा. मग एका गुरुवारी दोन ओळींचा मेल आला की अल्बम पूर्ण झालाय, तुमचं गाणं बसलं नाही, आभारी आहोत. ओटे जुनेच आहेत.

कुणी फसवलं का?

हो, सुरुवातीलाच. नाव घेत नाही. एका कंपनीने कळवलं की तुमच्या शब्दांत दम आहे, आम्ही चाल लावून, रेकॉर्ड करून, रेडिओपर्यंत पोचवतो, फक्त १,२०० डॉलर भरा. मी भरले. आलेलं गाणं असं होतं की लग्नातल्या बँडवाल्यानेही कानावर हात ठेवावेत. पुढे रेडिओ वगैरे काही नाही. यांना इथे साँगशार्क म्हणतात आणि हा धंदा शंभर वर्षांहून जुना आहे. एकच लक्षात ठेवा, खरा पब्लिशर लेखकाकडून पैसे घेत नाही, उलट करार केला तर दरमहा उचल देतो आणि पुढच्या रॉयल्टीतून वळती करून घेतो. डेमो करायला वादकांना, स्टुडिओला पैसे देणं वेगळं, ते कामाचे दाम आहेत.

आणि गाणं चोरलं तर?

सगळ्यांना हीच भीती, आणि प्रत्यक्षात सुरुवातीच्या आपल्या गाण्यांना चोरसुद्धा हात लावणार नाही. कायद्याने गाणं कागदावर किंवा फोनवर उतरलं की कॉपीराइट तुमचा झाला, पण कोर्टात जायचं असेल तर नोंदणी लागते. एकट्याचं एक गाणं ४५ डॉलर, आणि अप्रकाशित दहा गाण्यांचा गठ्ठा ८५ डॉलरला होतो. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवून न फोडता ठेवायचा जो उपाय लोक सांगतात तो कुचकामी आहे. आणि नावावर किंवा कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही. पोर्च धुणाऱ्या बाईवर उद्या आणखी दहा जणांनी गाणी लिहिली तर लिहू देत.

एच-१बी वर हे करता येतं का?

घरी बसून लिहायला कुणी अडवत नाही. पण एच-१बी वाल्याला ज्याने व्हिसा काढला त्याच्याकडेच काम करायची परवानगी असते, त्यामुळे करार, उचल, रॉयल्टी यातलं काहीही आलं तर आधी वकिलाला विचारा, माझ्यासारख्याला नको. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत कुठेही सही केली नाही. अर्थात कुणी सही मागितलीही नव्हती.

तिथे आपल्याला वेगळं वागवतात का?

तोंडावर कुणी वाईट वागलं नाही. दक्षिणेकडचे लोक तसे फार गोड बोलतात, ते गोड बोलणं कधी खरं आणि कधी कटवण्यासाठी हे कळायला मला चार वर्षं लागली. लेखक आपापली गाणी म्हणतात अशा एका रात्रीच्या कार्यक्रमाला दारावर मला एकदा सांगितलं, हॉटेलची डिलिव्हरी मागच्या दाराने. मी गिटार वर करून दाखवली.

पण या संगीताचा इतिहास माहीत पाहिजे. चार्ली प्राइड हा कृष्णवर्णीय गायक, १९६६ मध्ये त्याच्या पहिल्या रेकॉर्ड रेडिओवाल्यांकडे पाठवताना कंपनीने त्याचा फोटोच पाठवला नाही. लोकांना आवाज आवडला आणि मग चेहरा कळला. लेखकाचा चेहरा तसाही कुणी बघत नाही, हा या धंद्याचा एक फायदाच म्हणायचा, किंवा तोटा, कुठल्या दिवशी विचाराल त्यावर आहे.

नोकरी सोडणार का?

नाही. डॉन श्लिट्झ व्हँडरबिल्ट विद्यापीठात रात्रपाळीला कॉम्प्युटर ऑपरेटर होता, तेव्हा त्याने "द गॅम्बलर" लिहिलं. ते गाणं दोन वर्षं फिरत राहिलं, एक-दोघांनी गाऊनही चाललं नाही, आणि १९७८ मध्ये केनी रॉजर्सने गायल्यावर इतिहास झाला. आमच्या ऑफिसात मी हे सगळ्यांना सांगून झालंय. मॅनेजर म्हणाला, तो विशीत होता ना?

हल्ली एआयकडून लिहून घेत नाहीस का?

यमकं शोधायला शब्दकोश होताच की. बाकी इथल्या कॉपीराइट ऑफिसचं म्हणणं असं की माणसाने केलेल्या भागालाच संरक्षण, मशीनने लिहिलेल्याला नाही. आणि खरं कारण वेगळं आहे, मला ती दहा ते दोनची खोली आवडते.

मराठीत का लिहीत नाहीस?

लिहिलं. मंडळाच्या दिवाळी अंकात दोनदा आलंय. पण मराठीत लिहायला बसलो की माझ्या तोंडून आपोआप भावगीत निघतं, चंद्र, पारिजात, सांजवेळ, सगळं तयार. इंग्लिशमध्ये माझ्याकडे तयार काही नाही म्हणून मला वस्तूकडे नीट बघावं लागतं.

आई काय म्हणते?

आई ८१ ची, वसईलाच असते. तिला "क्लीन टिल नून" चा डेमो फोनवर ऐकवला, मग ओळ न् ओळ मराठीत सांगितली, आणि हेही सांगितलं की बाई गं, ही बाई म्हणजे तूच. ती म्हणाली, मी कुठे पोर्च धुते? मी म्हटलं अगं ते रांगोळीचं, बदललंय जरा. मग बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं गहिवरली असेल, आणि मग म्हणाली, "रोज सकाळी धुते म्हणजे त्यांच्याकडे नळाला पाणी येतं का सकाळी?"

मी म्हटलं येत असेल, अमेरिका आहे. "मग बरं आहे की तिचं," म्हणाली.

हे मी त्या केंटकीच्या बाईंना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्याकडे नळ नव्हता, आई खालच्या विहिरीवरून आणायची, दोन खेपा, हे मी तुला सांगितलं नव्हतं का? नव्हतं सांगितलं. येत्या मंगळवारी दहाला आम्ही पहिलं कडवं परत उघडतोय.